घाटातली पानगळ

घाट म्हटला की मुंबईकराला पाऊसच आठवतो. जून उजाडला की माळशेज, ताम्हिणी, भंडारदरा ही नावं घराघरात, ऑफिसाऑफिसात निघतात. गाड्या निघतात, धबधब्याखाली भिजणं होतं, कांदाभजी आणि भाजलेलं कणीस होतं, परतताना तासन्‌तास ट्रॅफिकमध्ये जातात. मग गणपती येतात आणि घाट विसरला जातो तो थेट पुढच्या जूनपर्यंत. मला याचं मनापासून वाईट वाटतं. कारण सह्याद्री सगळ्यात रंगीत असतो तो पावसाळ्यात नव्हे. पावसाळ्यात तो हिरवा असतो. शंभर छटांचा हिरवा, कबूल, पण हिरवाच. रंग येतात ते माघ सरता सरता, आणि होळीच्या आगेमागे ते भरात असतात. नेमकी तेव्हाच आपण घाटाकडे पाठ फिरवलेली असते.

"उन्हात घाटात काय बघायचंय? सगळं वाळून गेलेलं असतं," असं मला दरवर्षी कोणीतरी सांगतं. त्यांना एकदा सोबत नेलं की पुन्हा तसं म्हणत नाहीत.

परदेशातल्या पानगळीचे फोटो मात्र दर ऑक्टोबरात आपल्या फोनवर येऊन धडकतात. ते रंग मी प्रत्यक्ष पाहिलेत आणि ते खरोखर अपूर्व असतात, हे आधी सांगून टाकते. माझी बहीण व्हर्जिनियात राहते. तिच्याकडे गेले असताना ती मला शेनँडोआ राष्ट्रीय उद्यानातल्या स्कायलाइन ड्राइव्हवर घेऊन गेली. ब्लू रिज डोंगररांगेच्या माथ्यामाथ्याने जाणारा हा १०५ मैलांचा रस्ता, म्हणजे साधारण १६९ किलोमीटर. ओक, हिकरी, मेपल अशा झाडांचं रान दोन्ही बाजूंना उतरत गेलेलं. पिवळा, नारिंगी, विटकरी, मध्येच एखादं झाड गडद लाल. ताई म्हणाली, "रंग आधी माथ्यावर चढतो आणि मग दिवसागणिक खाली उतरतो. गेल्या आठवड्यात आली असतीस तर खालचं सगळं हिरवं दिसलं असतं."

पण माझ्या मनात रंगांइतकाच तो रस्ता राहिला आहे. १९३० च्या दशकात, मंदीच्या काळात तो बांधला गेला. कठडे, थांबे, कडेची लागवड अशी कितीतरी कामं तेव्हाच्या बेकार तरुणांनी केली. आणि हा रस्ता कुठे लवकर पोहोचण्यासाठी बांधलेलाच नाही. वेगाची मर्यादा ताशी ३५ मैल. थोड्या थोड्या अंतरावर गाडी बाजूला घ्यायला जागा, पुढे कमरेपेक्षाही कमी उंचीचा दगडी कठडा आणि त्यापलीकडे मोकळी दरी. दक्षिणेला हा रस्ता संपतो तिथूनच ब्लू रिज पार्कवे सुरू होतो, तो पुढे ४६९ मैल नॉर्थ कॅरोलिनापर्यंत जातो, त्याच संथ चालीने. हे उद्यान करताना डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या शेकडो कुटुंबांना घरं सोडावी लागली होती. तेही तिथल्या फलकांवर वाचायला मिळतं, आणि ते वाचल्यावर कठड्यापाशी उभं राहणं तितकं सोपं राहत नाही.

आपले घाट बांधले गेले ते माल चढवायला आणि फौजा न्यायला. बोर घाट १८३० साली गाड्यांसाठी खुला झाला तो मुंबई आणि पुणं जोडायला. नाणेघाटातून तर दोन हजार वर्षांपूर्वी बैलांच्या पाठीवरून व्यापार चालायचा. थांबून बघण्यासाठी असा आपला एकही घाट झालेला नाही. त्यामुळे बघायचं असेल तर रस्ता आपल्यालाच निवडावा लागतो.

तर आता आपल्याकडच्या रंगांविषयी.

तिकडे झाड पान टाकतं ते येणाऱ्या थंडीच्या धाकाने. दिवस लहान होऊ लागले की पानातलं हरितद्रव्य मोडायला लागतं, त्याच्या आड झाकलेला पिवळा उघडा पडतो. देठाच्या बुडाशी बुचाच्या पेशींचा थर धरतो, पानात साखर अडकते आणि काही झाडांत त्या साखरेपासून लाल द्रव्य नव्याने तयार होतं. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा असला की लाल जास्त खुलतो. आपल्या घाटात थंडीचा असा धाक नाही. इथे प्रश्न पाण्याचा आहे. इगतपुरीसारख्या ठिकाणी चार महिन्यांत ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि मग आठ महिने जवळजवळ काहीच नाही. खाली काळा पाषाण, वर मातीचा पातळ थर. पडलेलं पाणी उतारावरून निघून जातं. झाडाचं पाणी उडतं ते पानांतून, म्हणून झाड पानंच टाकून देतं. म्हणूनच कड्यावरचं, धारेवरचं झाड आधी बोडकं होतं आणि ओढ्याकाठचं शेवटपर्यंत हिरवं राहतं. मार्चमध्ये घाटातून खाली पाहिलं की करड्या-तपकिरी उतारावर हिरवी रेघ ओढलेली दिसते. पाणी नजरेला पडत नसलं तरी ओढा तिथेच असतो.

माझे मामा शहापूरला असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, सगळी नोकरी आदिवासी पाड्यांवर गेली. झाडं ओळखायला मला त्यांनी शिकवलं, आणि गाडीतून झाडं कशी बघायची तेही. एसी बंद, काचा खाली, रेडिओ बंद. "अगं, साग आधी ऐकायचा असतो," असं ते म्हणतात. खरंच आहे ते. मार्चमध्ये सागाच्या रानातून हळू जाताना, वारा नसला तरी, कुठेतरी एखादं पान गळतं आणि खालच्या पानांवर आपटल्याचा आवाज रस्त्यापर्यंत येतो. सागाचं पान सुपाएवढं, वाळलं की करकरीत. एक पान उचलून उन्हात धरून बघा. अळीने सगळा गर खाल्लेला असतो आणि नुसत्या शिरा उरलेल्या असतात. ती जाळी इतकी बारीक आणि नेटकी असते की माझ्या पुस्तकांत खुणेसाठी मी दुसरं काही घालत नाही.

शिशिरात पहिल्यांदा रंग येतो तो फुलांचा. काटेसावर, पांगारा आणि पळस. तिघंही पानं टाकून मोकळे होतात आणि मगच फुलतात, त्यामुळे लांबून अख्खं झाड एका रंगाचं दिसतं. सावरीच्या झाडाखाली जरा वेळ उभं राहिलं की वर साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, खारी सगळ्यांची झुंबड कळते, कारण त्या दिवसांत रानात दुसरीकडे फारसं काही उरलेलं नसतं. जव्हार-विक्रमगडकडचा पळस मला सगळ्यात आवडतो. तिथे तो शेताच्या बांधांवर, माळांवर सुटासुटा उभा असतो, मागे पिवळं गवत आणि निळं आकाश. पूर्वी होळीचा रंग याच फुलांचा करायचे. अजूनही पाड्यांवर कुठे कुठे करतात.

मग कांडोळ. पानं गेल्यावर त्याचं गुळगुळीत, पांढरट-गुलाबी खोड उघडं पडतं. साल कागदी, सोलत आलेली. फांद्यांच्या टोकाला पाच फाट्यांची लाल, केसाळ फळं. त्यांना हात लावू नये, ते केस फार खाजतात. रात्री चांदण्यात हे झाड एकटंच उजळ दिसतं, म्हणून त्याला भुताचं झाड म्हणतात. सकाळच्या उन्हात कड्याच्या कपारीतला कांडोळ एकदा दिसला की पुढे डोळे आपोआप त्यालाच शोधत राहतात.

आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यावर कडी करणारी, कोशिंब.

कोशिंबीचं मी काय सांगू! आपल्याकडचा लाल पानांचा सोहळा या एका झाडाचा असतो आणि तो पानगळीचा नसतोच, पालवीचा असतो. मार्चच्या मध्याला वगैरे कधीतरी हे झाड फुटतं. नवी पानं येतात तीच रक्तासारखी लाल. दोन-तीन जोड्यांची पानं, अजून अंगात ताठपणा नसल्यामुळे खाली लोंबणारी, तुकतुकीत, हाताला गार आणि इतकी मऊ की चुकून नख लागलं तरी फाटतील. सूर्य झाडाच्या मागे असताना पाहिलं तर प्रत्येक पानाची शीर न् शीर दिसते. मग पाच-सहा दिवसांत लालाचा तांबूस होतो, तांबुसाचा पोपटी आणि पंधरवडा उलटेपर्यंत झाड गडद हिरवं होऊन बसतं. त्यानंतर जाणाऱ्याला इथे काय घडून गेलं याचा पत्ताही लागत नाही. कोवळ्या पानाला कडक उन्हापासून हा लाल रंगच सांभाळतो, असं वनस्पतींचे अभ्यासक सांगतात. मला त्यातलं जास्त नवल वाटतं ते वेळेचं. सगळीकडे पाणी आटलेलं, पावसाला अजून अडीच-तीन महिने, आणि हे झाड मुळाशी खोल उरलेल्या ओलाव्यावर भरवसा ठेवून अख्खा पानोरा नव्याने काढतं.

ऑक्टोबरातही घाट सुंदरच असतो, त्याच्यावर अन्याय करायला नको. पठारांवर सोनकीच्या फुलांचा पिवळा, खाली खाचरांत पिकलेलं भात, नाचणीची तपकिरी कणसं आणि नोव्हेंबरात सगळ्या उतारांवर सोनेरी झालेलं गवत. भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालून रतनवाडी, साम्रद, घाटघर असा जाणारा रस्ता त्या दिवसांतच करावा. महाबळेश्वरला मात्र पानगळ बघायला जाऊ नये. तिथलं जंगल सदाहरित. जांभूळ, अंजनी तिथे बाराही महिने हिरवी, आणि आंबेनळी घाट चढताना खालच्या रानातला रंग वर कुठे संपतो ते सरळ दिसतं.

माझा रस्ता खोडाळ्याचा. पहाटे मुलुंडहून निघायचं, भिवंडी बायपास, पडघा, शहापूर. तिथे मामांना घ्यायचं, मामीच्या हातचा चहा घ्यायचा. मग आटगाव, खर्डी, आणि कसाऱ्याला मुख्य रस्ता सोडून विहीगावकडे वळायचं. पावसाळ्यात या वळणावर अशोका धबधब्याला जाणाऱ्यांची रीघ असते. मार्चमध्ये अर्धा तास गेला तरी समोरून एसटी नाहीतर एखादी जीप, बस्स. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंनी रान अंगावर येणारं. ताशी तीसच्या वर जाण्यात अर्थ नाही आणि जाताही येत नाही. पुढे खोडाळा, मोखाडा, जव्हार, विक्रमगड करत मनोरला अहमदाबाद महामार्गाला लागायचं. एका दिवसात आरामात होतं, फक्त पहाटे निघायला हवं. कारण नऊ-साडेनऊनंतर ऊन पांढरं होतं आणि रंग मरतात. मग थेट चार वाजल्यानंतर पुन्हा जीव धरतात. मधला वेळ जव्हारला जेवणात आणि सावलीत काढावा.

समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा, इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे, ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. त्यात इगतपुरीजवळ सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा आहे. नाशिकला जाणारा माणूस आता कसारा घाट न चढताच वर पोहोचतो. आजारी माणसाला घेऊन धावणाऱ्या गाडीला, भाजीच्या ट्रकला याचं किती मोल आहे ते मला कळतं. पण प्रवासातून घाटच गेला, की ज्या मुलांनी कोशिंब पाहिलीच नाही त्यांना ती कधी दिसणार, ही काळजी मला आहे. घाट आता मुद्दाम वळून बघावा लागणार, म्हणून तर हे सगळं लिहितेय.

एकदा विहीगावच्या पुढे आम्ही गाडी कडेला लावून उभे होतो. उतारावर एक बाई पातेरा गोळा करत होती. बांबूची भलीमोठी टोपली, तीत पाय घालून पाला दाबून दाबून भरायचा आणि डोक्यावर घेऊन खाली खाचराकडे जायचं. तिने मामांना ओळखलं. तिचा मुलगा त्यांच्या हाताखाली शिकलेला.

"गुरुजी, या ताई कवाच्या पाल्याचे फोटो काढतात. पाल्याचं काय करणार?"

"मुंबईत नेऊन दाखवणार."

"मुंबईत पाला नाय?" तिला खरंच आश्चर्य वाटलं.

मी तिला विचारलं, मावशी, एवढा पाला कशाला? मग तिने राब कसा करतात ते हाताने माती उकरून दाखवलं. जिथे भाताचं रोप करायचं त्या तुकड्यावर आधी शेण पसरायचं, त्यावर पातेरा आणि वाळलेल्या फांद्या, वर गवत, त्यावर मातीचा हात फिरवायचा आणि पेटवून द्यायचं. आत मंद धुमसत राहायला हवं. तणाचं बी जळतं, राख जमिनीत मिसळते आणि पहिल्या पावसात पेरलेलं रोप जोमाने वर येतं. सगळ्यात चांगला पाला ऐनाचा, ती म्हणाली. ऐनाच्या फांद्या दरवर्षी तोडतात, त्याला कवळ तोडणं म्हणतात. त्या रस्त्याने ऐनाची कितीतरी झाडं का खुरटलेली आणि बुंध्यालाच पालवी फुटलेली दिसतात, ते मला तेव्हा कळलं. कवळामुळे रान उतरतं अशी तक्रार जुनी आहे आणि तीत तथ्यही आहे. पण त्या बाईची खंडीभर कामं आणि गुंठ्यांत मोजण्यासारखी जमीन समोर असताना मला तिला काही शिकवावंसं वाटलं नाही. ज्या पानांकडे मी डोळे भरून बघत होते ती तिच्या पुढच्या भाताची तजवीज होती.

जाताना तिने पाणी मागितलं. आमच्याकडचा कॅन आम्ही तिच्याजवळ रिकामा केला. विहिरीने केव्हाच तळ गाठला होता आणि अजून मार्चच चालू होता. शहापूर आणि मोखाडा तालुक्यांतल्या कितीतरी पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघावी लागते. आणि मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांपैकी विहार आणि तुळशी सोडले तर बाकीचे, तानसा, भातसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा, याच डोंगरांच्या कुशीत आहेत. तानसाचं पाणी तर १८९२ सालापासून मुंबईला येतं. झाड पाण्यावाचून पान टाकतं हे मी वर लिहिलं. त्याच उतारावर माणसं काय करतात, हे न लिहिता या रस्त्याच्या सौंदर्याबद्दल बोलणं मला जमणार नाही. आता आम्ही निघताना पाण्याचे जास्तीचे कॅन भरून घेतो. त्याने प्रश्न सुटत नाही, हे ठाऊक आहे.

आणखी एक गोष्ट, आणि ही हात जोडून सांगते. या दिवसांत गवत वाळून कोळ झालेलं असतं. एक जळती विडी, एक सिगारेटचं थोटूक, कणसं भाजून तशीच सोडलेली चूल, एवढं पुरतं. वणवा उतारावरून चढतो तो माणसाच्या पळण्यापेक्षा वेगाने. मोठी झाडं जाड सालीमुळे तगतात, पण गवतातली घरटी, सरडे, कोवळी रोपं, जमिनीवर पडलेलं बी सगळं जातं. माळशेजच्या रस्त्याला मोरोशीच्या अलीकडे मी एक अख्खा डोंगर काळा झालेला पाहिलाय. त्यात एक पांगारा वरपर्यंत फुललेला होता आणि त्याच्या खाली सगळी राख होती. आपल्या गाडीतलं कोणी ओढत असेल तर त्याला घाट उतरेपर्यंत थांबायला सांगा.

ज्यांना गाडी काढणं शक्य नाही त्यांनी निदान आपल्या गल्लीतला देशी बदाम बघावा. जानेवारी-फेब्रुवारीत त्याची पानं लालभडक होऊन गळतात. मुंबईत अस्सल पानगळीचा लाल रंग दाखवणारं तेवढं एक झाड जवळजवळ प्रत्येक कंपाउंडात आहे आणि आपण त्याच्या पाल्याला कचरा म्हणतो. मार्चमध्ये पिंपळाची तांबूस पालवी येते. मुलुंडच्या आमच्या गच्चीवरून येऊरचे डोंगर दिसतात. त्यांच्या करड्या अंगावर सावरीचे लाल ठिपके कुठे कुठे आहेत, हे मी फेब्रुवारीपासून रोज सकाळी बघते.

शेनँडोआत पानगळीच्या दिवसांत उद्यानाचे लोक दर आठवड्याला रंगांची खबर देतात, कुठल्या उंचीवर किती रंग आलाय ते. आपल्याकडे ती सोय नाही. माझी सोय म्हणजे मामा. होळी जवळ आली की मी फोन करते. "सावर आटोपली गं. पळस आहे अजून. पण कोशिंब गप्प आहे, आठ दिवस थांब," असं ते म्हणाले की मी थांबते. तुम्हाला असा मामा नसेल तर धुळवडीनंतरचा पहिला किंवा दुसरा शनिवार धरा, अंधारातच घर सोडा आणि कसाऱ्याला विहीगावकडे वळा. कोशिंब बहुधा ओढ्याच्या आसपास सापडेल. काचा तेवढ्या उघड्या ठेवा, आणि पाण्याचा एक कॅन जास्त घ्या.